सलाईन म्हणजे जेवण नव्हे : अतिदक्षता विभागातील रुग्णाचा आहार

"बाटली चालू आहे ना, मग पोटाची काळजी नाही." अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांकडून हे वाक्य मी परिचारिकेच्या नोकरीत किती वेळा ऐकले, त्याचा हिशेब नाही. चोपडा, यावल, रावेर, पारोळ्याकडचा अत्यवस्थ रुग्ण जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतो. शिरपूर, साक्री, शिंदखेड्याकडचा धुळ्याला हिरे महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात जातो. काही घरे कर्ज काढून खासगीत जातात. दवाखाना कोणताही असो, आपल्या वस्तीतला समज एकच असतो की सलाईनमधून अंगात ताकद जाते. हा समज रुग्णाला महागात पडतो, म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते. अन्न म्हणून त्यात काहीच नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. त्यातून मिळतात सुमारे ९० उष्मांक. आपल्या घरच्या एका मध्यम बाजरीच्या भाकरीत २०० च्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे एका बाटलीची अर्धी भाकरसुद्धा होत नाही, आणि दिवसभर चार बाटल्या चढल्या तरी दोन भाकरी भरत नाहीत. शिवाय त्यात प्रथिने अजिबात नाहीत. गल्लीतल्या डॉक्टरकडे हट्टाने मागून लावलेली "ताकदीची पिवळी बाटली" बहुतेक वेळा हीच असते. तिचा पिवळा रंग आत टाकलेल्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा असतो, ताकदीचा नसतो.

बाटली वाईट आहे असे मी म्हणत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार राखायला, रक्तदाब सावरायला, औषध शिरेतून द्यायला ती लागते, आणि अनेकांचा जीव तिनेच वाचतो. फक्त तिला जेवणाच्या जागी धरू नका.

आता गरज किती असते ते बघा. ५० किलो वजनाचा रुग्ण धरू. पहिले काही दिवस सरल्यावर त्याला दर किलोमागे साधारण २० ते २५ उष्मांक लागतात, म्हणजे दिवसाला १००० ते १२५०. प्रथिने किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे ६० ते १०० ग्रॅम. धडधाकट माणसाला किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम पुरतात. निपचित पडलेल्या माणसाला कामावर जाणाऱ्यापेक्षा जास्त प्रथिने कशाला, असे कोणीही विचारील. त्याचे कारण असे की जंतुसंसर्ग, मोठा अपघात, भाजणे किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली की शरीर आतून पेटल्यासारखे होते. जखम भरायला आणि रोगाशी लढायला लागणारा माल ते स्वतःच्याच स्नायूंतून काढते. सरपण संपले म्हणून खाटेचे पाय तोडून चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे. इंग्लंडमधल्या ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत तो स्नायू सरासरी सतरा-अठरा टक्क्यांनी बारीक झाला होता. नुसत्या अन्नाने ही झीज पुरती थांबत नाही, हेही खरे. पण अन्नच नसेल तर ती थोपवायला हातात काही उरत नाही. श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात, म्हणून उपाशी रुग्ण व्हेंटिलेटरवरून सुटायला जास्त दिवस घेतो.

म्हणून जगभरच्या अतिदक्षता विभागांत आता रीत अशी आहे की रुग्णाचा रक्तदाब स्थिर झाला आणि आतडे चालू असले, तर दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत पोटातून अन्न सुरू करायचे. माणूस बेशुद्ध असला तरी. तोंडाने घेता येत नसेल तर नाकातून जठरात घातलेल्या नळीने.

एक प्रसंग सांगते. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला पंचविशीतला मुलगा आमच्याकडे आला होता. पहिल्या रात्री त्याच्या केसपेपरवर "तोंडाने काही नाही" असे लिहिले गेले, आणि त्या रात्री ते बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुढे उतरवली गेली, तिसऱ्या दिवशीही. एका सिस्टरकडे सात-आठ रुग्ण, औषधांच्या वेळा, व्हेंटिलेटरचे आवाज, यात जेवण राहून गेले. सहाव्या दिवशी त्याच्या आईने मला दारात थांबवले आणि विचारले, "सिस्टर, माझ्या पोराच्या पोटात काही गेलं का?" मी कागद उलटे करून पाहिले. पाच दिवसांत फक्त बाटल्या गेल्या होत्या. त्याच दुपारी नळीने दूध-पेज सुरू झाली. मुलगा वाचला, पण आधाराशिवाय चालायला त्याला दीड महिना लागला. सगळा दोष उपासाचा नव्हता, विषाचाही होता. पण त्या माउलीने विचारले नसते तर आणखी किती दिवस गेले असते, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा विचारत जा. सकाळी डॉक्टर फेरीला येतात तेव्हा किंवा भेटीच्या वेळी, शांतपणे विचारा: "साहेब, काल पोटात किती मिली गेलं? नळीने सुरू करता येईल का? आज नसेल तर कशामुळे, आणि परत कधी बघणार?" आपल्या माणसांना "तुम्हाला काय कळतं" हे ऐकायची इतकी सवय झाली आहे की प्रश्न विचारणे म्हणजे भांडण काढणे असे वाटते. तसे नाही. रुग्ण बोलू शकत नसतो, त्याच्या वतीने तुम्हीच बोलायचे असते. घरातल्या एकाने, शक्यतो शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने, शंभर पानी वहीत रोजची तारीख घालून उत्तर लिहून ठेवावे. नातेवाईक पाळीपाळीने बदलतात आणि कोणाला काय सांगितले ते विसरते, म्हणून वही हवी.

कधी कधी उत्तर "अजून नाही" असे येईल, आणि ते योग्यही असेल. आतड्याला छिद्र पडले असेल, आतडे अडकले असेल, रक्ताच्या उलट्या होत असतील, रक्तदाब टिकवायला औषधाचा मोठा डोस चालू असेल किंवा काही तासांत ऑपरेशन असेल, तर पोट रिकामे ठेवावेच लागते. आतडे बरेच दिवस वापरता येणार नसेल तर मोठ्या शिरेतून पूर्ण आहार देतात. ती दुधाळ पांढरी पिशवी असते. ती महाग असते, तिच्यातून रक्तात जंतू शिरण्याची भीती असते, म्हणून पोट चालत असेल तर डॉक्टर ती टाळतात. तिचा आग्रह धरू नका. पोटात अन्न पडत राहिले की आतड्याचे आतले अस्तर शाबूत राहते, आणि शिरेतून दिलेल्या अन्नाने ते काम तितके होत नाही.

नळीबद्दल आपल्याकडे मोठी भीती आहे. "नाकात नळी घातली म्हणजे माणूस गेला" असे म्हणत सहीला नकार देणारे मुलगे मी पाहिले आहेत. खरे पाहता नळीवर आठ दिवस काढून, ती काढून टाकून, पायी घरी गेलेले कितीतरी रुग्ण आहेत. नळी टाकताना मळमळते, घशात टोचते, दोन दिवस त्रास होतो. ती जठरातच आहे ना, याची खात्री केल्याशिवाय सिस्टर काही देत नाहीत. साधारण दोनशे मिली, दर दोन-तीन तासांनी, किंवा पंपाने थेंब थेंब, असे अन्न जाते. त्या वेळी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी आणि अन्न दिल्यावरही किमान अर्धा-पाऊण तास तशीच राहायला हवी. रुग्ण आडवा असताना अन्न दिले तर ते उलटून फुप्फुसात उतरते. उशाकडची बाजू खाली दिसली तर सिस्टरला जरूर सांगा, आम्हाला त्याचा राग येत नाही. (खरे सांगायचे तर कधी येतो. तरी सांगा.)

मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. त्या रुग्णाचे वजन, साखर आणि किडनीचे रिपोर्ट पाहून प्रमाण ठरवतात. काही ठिकाणी तयार पावडर वापरतात, काही ठिकाणी दूध, पेज, साखर, तेल, शिजवून वाटलेली डाळ यांचे मिश्रण. घरून आणायला सांगितले तर प्रमाण कागदावर लिहून घ्या आणि त्यात आपल्या मनाने भर घालू नका. सगळ्यात मोठी चूक वरणाच्या पाण्याची होते. डाळ खाली बसते आणि वरचे पिवळे पाणी डब्यात भरून येते. त्यात हळद, मीठ आणि समाधान असते, प्रथिने फार थोडी असतात. डाळ मऊ शिजवून, मिक्सरमधून काढून, स्वच्छ धुतलेल्या पातळ कापडातून गाळून आणली तरच तिचा उपयोग. कच्चे अंडे दुधात फेटून कधीही देऊ नका, त्यातून जंतू जातात. आणि आपला उन्हाळा लक्षात ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. सकाळी सहाला केलेले दूध-पेजेचे मिश्रण बसमधून दहा वाजता पोहोचले, तर ते अन्न राहिलेले नसते. दोन तासांच्या आत वापरता येत नसेल तर आणू नका, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातलेच चालू द्या. औषधाच्या गोळ्या मिश्रणात टाकायच्या नसतात. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर थोडे पाणी सोडून नळी धुतात, नाहीतर ती तुंबते.

आता चोरून भरवण्याबद्दल. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण असे करणारे नेहमी मायेने करतात. लकवा मारलेल्या एका आबांना नळी होती. आठवड्याने ते थोडे शुद्धीवर आले, खुणेने चहा मागू लागले. सुनेला राहवले नाही. भेटीच्या वेळी तिने पदराआडून बशीत चहा दिला, त्यात बुडवलेले बिस्कीटही. आबांनी तो घेतला, ठसकले आणि शांत झाले. संध्याकाळी ताप आला, दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया, चौथ्या दिवशी व्हेंटिलेटर. ते परत उठले नाहीत. लकव्यात गिळण्याचे स्नायूही लुळे पडतात, ते बाहेरून दिसत नाही. मण्यार चावलेल्या माणसाचेही तसेच होते, म्हणून त्याला गाडीत घालताना तोंडात पाणीसुद्धा घालू नये. विष घेतलेल्या किंवा विषबाधा झालेल्या माणसाला दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजण्याची पद्धतही अशीच जिवावर येते. व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर लगेच घास द्यायचा नसतो, आधी गिळणे तपासतात. पाणी पातळ म्हणून सोपे वाटते, पण कमजोर घशात ठसका तेच आधी लावते. म्हणून सुरुवात बहुधा घट्टसर पदार्थाने होते, चमच्या-चमच्याने, बसवून.

भेटायला येणाऱ्यांच्या पिशवीबद्दलही बोलले पाहिजे. आपला जिल्हा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे दवाखान्यात जाताना डझनभर केळी आणि एक शहाळे नेले नाही तर आपल्याला चुकल्यासारखे होते. बरा होत आलेल्या माणसाला केळे चांगलेच. पण एका केळ्यात प्रथिने एखादाच ग्रॅम असतात आणि पोटॅशियम भरपूर. किडनी बंद पडलेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि ते फार वाढले तर हृदय थांबू शकते. शहाळ्याचेही तसेच. ज्याची लघवी कमी झाली आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्याच्या उशाशी केळी आणि शहाळे ठेवूच नका. साखर वाढलेल्याला बिस्किटे आणि सरबत नको. भेट म्हणून काही न्यायचेच असेल तर दाराबाहेर बसलेल्या त्याच्या बायकोसाठी भाजी-भाकरीचा डबा न्या. ती तीन दिवसांपासून चहा-पावावर असते आणि पुढचे दोन महिने रुग्णाला तीच उचलणार असते.

विनयपिटकातल्या महावग्गात रुग्णसेवेचा एक प्रसंग आहे. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतात. त्यानंतर चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्यात एक असा आहे की रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही ते त्याला कळते, न मानवणारे तो दूर करतो आणि मानवणारे आणून देतो. प्रेमाचा उल्लेख त्यात आहेच, पण या जाणतेपणानंतर येतो. परिचारिका महाविद्यालयात मला हे कोणी शिकवले नाही, विहारात ऐकले.

न मानवणाऱ्यात एक गोष्ट अशी आहे की ती कोणाच्या ध्यानात येत नाही. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. टीबीने खंगलेला, दारूमुळे महिनोनमहिने नीट न जेवलेला, आठ-दहा दिवस अन्नावाचून असलेला, अशांच्या शरीरातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आधीच संपत आलेले असते. अचानक साखर-भात पोटात गेला की उरलेलेही पेशींमध्ये ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडते, श्वास मंदावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवून दगावले, तेव्हा हे डॉक्टरांच्या लक्षात आले. म्हणून डॉक्टर अशा रुग्णाला आधी बी-१ जीवनसत्त्व देतात, रक्त तपासत राहतात आणि आहार चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवतात. "एवढंसंच काय देतात" म्हणून रागावू नका.

वॉर्डातून घरी आल्यावर खरी भरपाई सुरू होते, आणि नेमके इथेच आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली उपासमार चालते. अंडे गरम पडते, वांग्याने जखम चिघळते, उडदाने पू होतो, कावीळ झाली की तेल-मीठ बंद. अंड्याने किंवा उडदाने पू होत नाही, पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला अंडे, डाळ, मासे, मटण लागतेच. डॉक्टरांनी किडनी, यकृत किंवा मधुमेहासाठी वेगळे सांगितले नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्या आणि प्रत्येक वेळी त्यात प्रथिनांचे काही असू द्या. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. कोरडी डाळ तीस ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर, शिजवली तर सात ग्रॅम. भाजलेले शेंगदाणे शंभर ग्रॅमला पंचवीस, सोयाबीनच्या वड्या शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर. आपली कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद दळलेली, नुसत्या ज्वारीपेक्षा सरस. वर शेंगदाण्याची चटणी आणि चमचाभर तेल घाला, चव येईल आणि उष्मांकही. मेडिकलमधला प्रोटीनचा डबा ज्याला दातांनी चावता येत नाही त्याला उपयोगी, पण तो घेण्यासाठी घरातल्या बाकीच्यांचे दूध बंद करू नका. पायाचे सूप करणाऱ्यांनी ते जरूर करावे, भूक उघडते, पण त्यातून ना हाडाला पुरेसे कॅल्शियम मिळते ना स्नायूला पुरी प्रथिने. त्याच्याबरोबर अंडे किंवा घट्ट वरण हवेच. आणि नुसते खाऊन स्नायू येत नाही. पहिल्या आठवड्यापासून खाटेवर बसवा, मग उभे करा, मग ओट्यापर्यंत चालवा.

टीबीचा रुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेचे पैसे त्याच्या बँक खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे. येत नसतील तर आधार आणि पासबुक घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरांना धान्य-डाळीची मदत देऊन केलेला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सगळ्यांनाच जादा अन्न मिळाले, तिथे घरच्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. तेव्हा ते पैसे घरात अन्नावरच खर्च व्हायला हवेत, मोबाईलच्या हप्त्यावर नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ज्याचा उपचार मंजूर झाला आहे, त्या रुग्णाचे रुग्णालयातले जेवण त्या पॅकेजमध्येच धरलेले असते. खासगी रुग्णालय योजनेत असेल तरीही. त्याचे वेगळे पैसे मागितले तर देण्याआधी योजनेच्या टेबलावर बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पहिल्याच दिवशी बरोबर ठेवा. सुट्टी मिळताना रुग्णाचे वजन करून घेऊन ते त्या वहीत लिहा, आणि दर रविवारी त्याच काट्यावर पुन्हा करा. सलग दोन आठवडे वजन उतरले, किंवा जेवताना ठसका लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला घेऊन जा.